स्वभावाला औषध

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण ज्याने प्रथम काढली तो एकतर वैद्य असावा किंवा नवरा असावा. वैद्य असेल तर त्याचं औषध लागू पडलं नसणार आणि नवरा असेल तर ते घ्यायला घरात कुणी तयार झालं नसणार. ते काहीही असो, म्हण मोठी सोयीची आहे यात शंका नाही. अमका तिरसट आहे, तमकी आळशी आहे, ढमक्याचा पोरगा मंद आहे, असं एकदा चार माणसांत ठरलं, की ही म्हण उच्चारायची आणि फाईल बंद करायची. आमच्या बँकेत याला खातं बुडीत धरणं म्हणतात. एकदा बुडीत धरलं, की कर्जदाराच्या वाडीवर उन्हातान्हात खेटे घालायची दगदग उरत नाही.

पण गेली शंभर-सव्वाशे वर्षं काही उपद्व्यापी मंडळी या म्हणीच्या मुळावर उठली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला तुम्ही स्वभाव म्हणता तो बऱ्याच अंशी ग्रंथींचा कारभार आहे. आणि ग्रंथी बिघडली तर तिला औषध आहे. रोज सकाळी, अनशापोटी, पाण्याबरोबर. आता बोला!

मी पडलो कॉमर्सचा माणूस. माझा आणि शरीरशास्त्राचा संबंध शाळेतल्या एका आकृतीपुरता. त्या आकृतीत एक निर्विकार गृहस्थ दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे असत, आणि त्यांच्या अंगात ठिकठिकाणी लहानमोठे गोळे दाखवून त्यांना बाण काढलेले असत. अवटु, पियूषिका, अधिवृक्क. ही नावं मला एखाद्या जुन्या नाटकातल्या दासींची वाटत. परीक्षा झाली, नावं गेली. चाळिशी उलटल्यावर मात्र सगळ्या दासी एकदम परत आल्या, आणि त्याही प्रयोगशाळेच्या रिपोर्टावर, तारांकित होऊन. हल्ली आमच्या अलिबागेत लग्नाला गेलं, की पूर्वीसारखं ‘पोरं काय करतात?’ असं कुणी विचारत नाही. ‘तुमचा टीएसएच किती?’ असं विचारतात. आणि आपला आकडा कमी निघाला, तर समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी कीव दिसते, की जणू आपली फिक्स डिपॉझिटच कमी आहे.

आमच्या शाखेत या विषयाचा शिरकाव एका सहकाऱ्यामुळे झाला. त्यांचं नाव कशाला? क्ष म्हणू. क्ष यांचा तिरसटपणा सगळ्या तालुक्यात नावाजलेला. त्यांच्या खिडकीसमोर रांग नसे. माणसं शेजारच्या खिडकीत पाऊण तास उभी राहत, पण क्षकडे जात नसत. पुढे त्यांचे हात कापायला लागले, वजन घटलं, ऐन पौषात घाम फुटू लागला, तेव्हा बायकोने त्यांना डॉक्टरकडे ओढून नेलं. निदान निघालं : थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतोय. बँकेतल्या माणसाच्या शरीरात असा एखादा अवयव असू शकतो, यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना.

क्ष यांनी तो रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. ‘राग माझा नाही, ग्रंथीचा आहे,’ असं ते ज्याला त्याला दाखवून सांगू लागले. म्हणजे तिरसटपणा तेवढाच, आता त्याला सर्टिफिकेट आलं. औषध मात्र लागू पडलं. तीन महिन्यांत हाताचा कंप गेला, वजन भरलं आणि राग साधारण निम्म्यावर आला. उरलेला निम्मा हलेना. डॉक्टर म्हणाले, ‘रिपोर्ट आता नॉर्मल आहे.’ म्हणजे तो निम्मा क्ष यांचा स्वतःचा, वडिलोपार्जित. एका माणसाच्या रागाची ग्रंथी आणि मालक यांच्यात इतकी स्वच्छ वाटणी झालेली मी प्रथमच पाहिली. एरवी कोकणात वाटणीचं प्रकरण तीन पिढ्या चालतं.

मग शाखेत साथच आली. उशिरा येणारा म्हणू लागला, मेलाटोनिन. फायली तुंबवणारा म्हणू लागला, कॉर्टिसोल. आमचे शिपाई एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, मला पण एखादी ग्रंथी असंल तर बघा ना. बाकी सगळ्यांना हाय.”

तेव्हा म्हटलं, हे प्रकरण एकदा नीट समजून घ्यावं. आणि वाचकहो, समजून घेतलं तेव्हा कळलं, की शरीर म्हणजे एक बँकच आहे. फक्त तिथे सर्व्हर डाऊन झाला तर ग्राहकाला उद्या या म्हणून सांगता येत नाही.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचं एक बदामाएवढं ठिकाण आहे. ते हेड ऑफिस. त्याच्याखाली लोंबणारी, वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पियूषिका ही ग्रंथी म्हणजे झोनल ऑफिस. आणि गळ्यात, श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी बसलेली अवटु, म्हणजेच थायरॉईड, ही आमच्यासारखी शाखा. हेड ऑफिस झोनलला कळवतं, झोनल शाखेला टीएसएच नावाचं पत्र धाडतं, आणि शाखा थायरॉक्सिन नावाचा माल रक्तात सोडते. त्या मालावर शरीराच्या साऱ्या भट्ट्यांची धग ठरते. रक्तात माल पुरेसा झाला, की वरच्यांना ते कळतं आणि पत्रं कमी होतात. माल कमी पडला, की पत्रांवर पत्रं सुटतात. शाखेत रोकड मर्यादेपेक्षा जास्त झाली की ती वर पाठवायची आणि कमी झाली की मागवायची, तसंच हे. म्हणून रिपोर्टात टीएसएच वाढलेला दिसला तर त्याचा अर्थ बहुधा असा, की शाखा झोपलेली आहे आणि झोनल ऑफिस ओरडतंय. मात्र एक फरक आहे. शरीरातलं वरचं ऑफिस खालून आलेला हिशोब वाचतं आणि गप्प बसतं. आमच्याकडे वाचत नाहीत, आणि गप्पही बसत नाहीत.

शरीरात निरोप पोचवायची एक जुनी, सगळ्यांना माहीत असलेली सोय म्हणजे मज्जातंतू : टेलिफोन उचलला आणि बोललं. पूर्वी असं समजत, की सगळा कारभार टेलिफोनवरच चालतो. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याला जाणाऱ्या मज्जातंतूंच्या तारा तोडल्या, आत थोडं आम्ल सोडलं, आणि बघतात तो काय, स्वादुपिंड नेहमीसारखं पाझरायला लागलं! तारा तुटलेल्या, तरी निरोप पोचला. म्हणजे निरोप रक्तातून गेला. हे सर्क्युलर. सर्क्युलर प्रत्येक टेबलावर जातं. ज्याच्याकडे त्याचं कुलूप असतं तोच ते उघडतो, बाकीचे पाहतही नाहीत. या निरोप्यांना स्टार्लिंगने १९०५ साली ‘हार्मोन’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतवणं. आपल्या पुस्तकांनी त्याला संप्रेरक म्हटलं, तेही चांगलंच आहे, फक्त भांडणात पटकन उच्चारता येत नाही.

त्याच्याही आधी, १८४९ साली, जर्मनीत गॉटिंगेनला बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा कोंबड्यांवर एक प्रयोग केला होता. कोंबड्यांचे अंडकोश काढले, की ते आरवत नाहीत, भांडत नाहीत, तुरा सुकतो, कोंबडीकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणजे अगदी निवृत्त होतात. बर्थोल्डने काहींच्या पोटात अंडकोश पुन्हा बसवले. मूळ तारा तुटलेल्याच होत्या, तरी पठ्ठे पूर्वीसारखे आरवायला आणि एकमेकांवर धावायला लागले. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच हे आपल्याला माहीत होतं. पण आरवणाऱ्याचा रुबाब त्याच्या पोटात ठेवलेल्या एका गोळ्याचा असतो, हे त्या दिवशी कळलं. पुढे १८८९ साली ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या अंडकोशांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झालो असं पॅरिसमध्ये जाहीर केलं. त्या अर्कात कामाचं असं जवळजवळ काहीच उतरलेलं नसणार, असं आज मानतात. तेव्हा त्याचं तारुण्य ग्रंथीतून आलेलं नव्हतं, आशेतून आलेलं होतं. हीही नोंद ठेवण्यासारखी आहे.

आणि हे निरोपे किती सूक्ष्म असावेत? थायरॉईडची शंभर मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे एका ग्रॅमचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक. कारकुनाची खोड, मी हिशोब केला : एका ग्रॅमात एक माणूस सत्तावीस वर्षं चालतो. अलिबागेत समुद्राकाठी एक चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने वेधशाळेतले नाजूक काटे बिथरणार, म्हणून १९०४ साली ती इकडे आणली. इमारतसुद्धा लोखंड टाळून बांधली. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे जे हेलकावे आपल्याला जन्मात जाणवत नाहीत, ते तिथे रोज नोंदले जातात. मला तिच्यावरून जाताना नेहमी वाटतं, आपल्या मनाच्या काट्याचंही असंच आहे. पण त्याला ट्रामपासून लांब कुठे नेणार? इथे ट्राम आतच धावते.

हे सगळं गंमतीचं झालं. आता न गंमतीचं सांगतो.

आमची काकू रेवदंड्याला असते. ती दुसऱ्या बाळंतपणानंतर हळूहळू मंदावत गेली. म्हणजे मे महिन्यात, सुपारीच्या वाडीत पान हलत नसताना, ती शाल घेऊन बसे. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, केस विरळ झाले. जवळ्यात मीठ दोनदा पडे नाहीतर पडतच नसे. पाणी भरायला विहिरीवर गेली तर तिथेच बसून राही. जेवण चिमणीएवढं, पण अंग वाढतच होतं. तेव्हा ‘चोरून खाते’ हा निष्कर्ष बायकांनी एकमताने काढला होता. आमची आजी कडक. तिच्या कोशात त्यासाठी एकच शब्द होता : आळशी. तो शब्द काकूने आठ वर्षं ऐकला. उलट बोलली नाही. त्यामुळे गावात तिची दुसरी कीर्तीही झाली, की बाई आळशी खरी, पण सोशीक हो!

१९९१ साली दादरला एका लग्नात कुणाची तरी डॉक्टर सून पंगतीत काकूच्या शेजारी बसली. तिने काकूचा नुसता आवाज ऐकला, हाताची कातडी बघितली आणि जेवण संपायच्या आत सांगितलं, की यांचं रक्त तपासा. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरने घोट्याच्या मागे रबरी हातोडी मारली. पाऊल पुढे गेलं आणि एवढं सावकाश परत आलं, की काका म्हणाले, “हिचा पायसुद्धा विचार करून येतो.” डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “ही खूणच आहे त्याची.”

गोळी सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत शाल गेली, सूज गेली, विहिरीवरची बैठक गेली. आणि आवाज आला. आवाजाबरोबर मतंही आली! वाडीचा हिशोब, पोरांची शाळा, काकांचा पत्त्यांचा अड्डा, प्रत्येक विषयावर काकूला मत आहे हे घराला नव्यानेच कळलं. काकांना तर आठ वर्षांनी पुन्हा लग्न झाल्यासारखं वाटलं असावं.

आजीने माफी मागितली नाही. त्या पिढीत सासवा माफी मागत नसत; तशी सोयच नव्हती. पण रोज पहाटे पाच वाजता काकूच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि वाटीत ती गोळी ठेवलेली असे. गोळीनंतर अर्धा तास चहा घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आजी पहाटे उठल्या उठल्या चहा घेणारी. ती चुलीवर आधण ठेवून अर्धा तास थांबे आणि मग दोघींचा चहा टाके. हे ती जाईपर्यंत चाललं. यावर कधी कुणी काही बोललं नाही.

आता प्रश्न असा, की काकूचा स्वभाव कुठला? आळस ग्रंथीचा होता, म्हणून तो तिच्या नावावरून कमी केला, ठीक. पण मग सोशीकपणाही ग्रंथीचाच ठरतो. तोही गेला ना गोळीबरोबर! नावेची रक्कम रद्द करायची आणि जमेची ठेवायची, असा हिशोब कुठल्याही ऑडिटरला चालणार नाही. माणसाचे दोष ग्रंथीच्या खात्यात टाकायचे तर त्याचे गुणही तिथेच टाकावे लागतात. आणि इथे आपल्यासारख्या गुणी माणसांची पंचाईत होते.

माझंच बघा. मी बी.कॉम. झालो, दुसऱ्या वर्गात. हा माझ्या अभ्यासाचा पराक्रम, असं माझ्या घरी मानतात. पण थायरॉईडला माल बनवायला आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला दीडशे मायक्रोग्रॅम; म्हणजे सत्तर वर्षांच्या आयुष्याला सगळं मिळून एक चमचासुद्धा पुरता भरत नाही. आईच्या पोटात असताना ते नीट मिळालं नाही, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. हिमालयाच्या पायथ्याच्या खोऱ्यांत जमिनीतच ते कमी; तिथे गावंच्या गावं गलगंडाने भरलेली असत. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागात साधं मीठ देऊन पाहिलं. जिथे आयोडीन पोचलं तिथे काही वर्षांत गलगंड उतरला. त्यावरून १९६२ साली सरकारची योजना निघाली. पुढे साध्या खाण्याच्या मिठावर बंदी आली, २००० साली उठली आणि २००६ च्या मे महिन्यात पुन्हा आली.

आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना या भानगडीचं हसू येई. आमच्याकडे पेण-उरणला मिठागरं, दारात समुद्र. आम्हाला कसली मिठाची कमतरता? पण गंमत अशी, की समुद्राच्या मिठात आयोडीन जवळजवळ उरतच नाही. मीठ पिकतं तेव्हा ते बाहेरच राहतं. समुद्रातलं आयोडीन आपल्याला भेटतं ते मासळीतून. तेव्हा माझ्या पदवीत बांगड्याचा वाटा किती आणि माझा किती, हे सांगणं कठीण आहे. आणि त्या खोऱ्यातला जो मुलगा शाळेत ढ ठरला, मास्तरांचा मार खाऊन गुरं राखायला गेला, त्याचा मंदपणा त्याच्या नावावर का मांडला? त्याने काय कमी केलं होतं? चिमूटभर मीठ त्याच्या आईच्या ताटापर्यंत पोचलं नाही, एवढंच.

दुसरं उदाहरण पुण्याचं. मधुमेह झाला, की आपण रोग्याकडे कसं बघतो? ‘खा अजून श्रीखंड!’ असं बघतो. वास्तविक अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते चमचाभर. ती तेवढीच ठेवायचं काम स्वादुपिंडातलं इन्सुलिन करतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्य या प्रश्नात घातलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, २२.३ चा आकडा. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून लठ्ठ. त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं आणि इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ हाडामांसात बरंच कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून जन्मलेलं. म्हणजे ज्याने अजून एकही वडापाव खाल्लेला नाही त्याच्या नावावर पिढ्यानुपिढ्यांच्या उपासमारीची थकबाकी ओढलेली! मग ‘खा अजून श्रीखंड’ हे नेमकं कुणाला म्हणायचं?

असं करत करत एकेक दोष आणि एकेक गुण ग्रंथीच्या खात्यावर टाकत गेलं, की शेवटी आपल्या खात्यावर शिल्लक काय, हा प्रश्न उरतोच. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४९ साली यावर तोड काढली होती : मेंदूच्या मधोमध जी एक इवलीशी पिनिअल ग्रंथी आहे, तिथेच आत्म्याची कचेरी आहे असं त्याने सांगितलं. पुढे कळलं, की ती ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि झोपेचं वेळापत्रक सांभाळते. आत्मा शोधायला गेले आणि गजराचं घड्याळ सापडलं.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा पेच ठाऊक होता. विनोबांचा जन्म आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, १८९५ चा. त्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ज्या गीतेवर प्रवचनं दिली, तिच्या तिसऱ्या अध्यायात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. आधी सांगितलंय, की सगळी कामं प्रकृतीच करत असते, ‘मी करतो’ हा नुसता अहंकार. आणि थोडं पुढे गेलं, की सांगितलंय, काम-क्रोध हे तुझे शत्रू आहेत, त्यांना जिंक. आता करणारी प्रकृती, तर जिंकायचं कुणी? मी याचा विचार बँकेच्या पद्धतीने केला, कारण दुसरी मला येत नाही.

कुत्रा अंगावर आला, की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, साखर रक्तात उतरते. मौजेचा भाग असा, की हे ॲड्रेनलिन पळायलाही तेच आणि दगड उचलायलाही तेच. रसायन एक, पुढचं काम वेगळं. म्हणजे ग्रंथी व्हाउचर भरून टेबलावर आणून ठेवते. त्यावर सही करायची की नाही हे पास करणाऱ्या अधिकाऱ्याकडे असतं. आता कुणी म्हणेल, तो अधिकारीही त्याच इमारतीत बसतो, त्याच हवेत. खरं आहे. म्हणून तर बँकेत प्रत्येकाला सहीची मर्यादा ठरवून दिलेली असते. मॅनेजरला मोठी, कारकुनाला लहान, आणि जो आजारी रजेवर आहे त्याला शून्य. ज्याची जेवढी मर्यादा तेवढीच त्याच्याकडून वसुली. ज्याची ग्रंथी ठिकाणावर आहे त्याने शिवी दिली तर ती त्याच्या सहीने गेली; ज्याची बिघडलेली आहे त्याची मर्यादा तेवढ्यापुरती खाली आलेली असते. क्ष यांचा निम्मा राग आम्ही माफ केला. उरलेल्या निम्म्याबद्दल त्यांना अजून जाब विचारतो, आणि तेही, लॅमिनेशन असूनसुद्धा, देतात.

पण ही माफी वाटताना एक जपायला हवं, ते मला आमच्या शाखेतल्या एका बाईंनी शिकवलं. बाई पन्नाशीच्या. त्यांच्या खिडकीवरचा पंखा ऐन एप्रिलात बंद पडला. त्यांनी तीनदा लेखी कळवलं. चौथ्यांदा त्या केबिनमध्ये जाऊन तावातावाने बोलल्या. त्या बाहेर पडल्यावर साहेब आम्हा पुरुषमंडळींना हलक्या आवाजात, समजूतदार चेहऱ्याने म्हणाले, “या वयात होतं असं. हार्मोन्स.” बाई तोवर पुरत्या बाहेर गेलेल्या नव्हत्या. त्या वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “साहेब, माझे हार्मोन्स बिघडलेत हे खरं आहे. त्यासाठी मी डॉक्टरकडे जाते. पंखाही बिघडलाय, हेही खरं आहे. त्यासाठी तुम्ही वायरमनला बोलवा.”

वायरमन आला. कंडेन्सर गेला होता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक स्वतंत्र खातं उघडलंय. ग्रंथीचं नाव घेणं ही दया असू शकते, तसाच तो अपमानही असू शकतो. आजीने पहाटे ठेवलेली गोळी ही दया. साहेबांचा हलका आवाज हा अपमान. माणूस एवढ्या मोठ्याने का बोलला, याचं उत्तर ग्रंथीत सापडतं; पण तो काय बोलला याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. आणि साहेब ओरडले की ती कडक शिस्त, बाई बोलल्या की हार्मोन्स, ही काय वाटणी झाली? टेस्टोस्टेरॉन काय किराणा दुकानात मिळतं?

तेव्हा मी आपला दुनोंदी पद्धतीचा एक नियम करून ठेवलाय. दुसऱ्याचं काही खटकलं, तर आधी शंका ग्रंथीवर घ्यायची, आणि त्याच वेळी पंखाही तपासायचा. स्वतःचं काही खटकलं, तर आधी शंका सहीवर घ्यायची. जगाची रीत याच्या नेमकी उलट आहे : आपला राग थायरॉईडचा, दुसऱ्याचा संस्कारांचा. हिशोब उलटा मांडला, की ताळेबंद जुळल्यासारखा दिसतो, पण तो तसा दिसतो एवढंच.

काकू आता सत्तरी ओलांडून गेली आहे. गोळी चालू आहे, मतंही चालू आहेत. गेल्या दिवाळीत रेवदंड्याला गेलो होतो, तेव्हा तिला हा सगळा पेच समजावून सांगितला आणि विचारलं, “काकू, खरी तू कुठली गं? ती आधीची, की ही?”

तिने बोंबील साफ करता करता माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “थंडी मला वाजत होती, ती माझीच होती. शब्द लागत होते तेही मलाच लागत होते. गोळीने थंडी गेली. आता ते खरं-खोटं तू बस लिहीत. आणि तेवढं लिंबू दे इकडे.”

लिंबू दिलं.